वाढीची चार बोटं

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या सख्ख्या जावेलाही शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुण्यांना ती सांगायची, "आमच्या ताई मास्तरांना शिकवतात." पाहुणे विचारायचे, "काय शिकवतात?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "पोरांना मारू नका म्हणून." मी आतून ओरडायची, "अगं बाई, एवढंच नाही!" पण मग काय ते चार वाक्यांत सांग म्हटलं, तर माझीही बोबडी वळायची. दिवाळी अंकाच्या निमित्तानं आता सांगून बघते.

मोठा आघात झालेली मुलं असतात. कोणाची आई गेलेली, कोणाच्या घरात रोजची मारझोड, कोणाला अर्ध्या वर्षासाठी आईबापांनी मागं ठेवलेलं. अशा मुलांशी शाळेत, अंगणवाडीत, वसतिगृहात कसं वागायचं, काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे मी शिक्षकांना आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिकवायची. सगळा बीड जिल्हा पायाखाली घातला. वरून आलेल्या कागदांत याला ‘ट्रॉमा’ म्हणायचे. पहिल्या वर्षी तो शब्द मी पाटोद्याला फळ्यावर लिहिला, तर एक गुरुजी उभे राहिले. "मॅडम, ट्रॉमा सेंटर म्हंजे ते हायवेवरचं अपघाताचं हॉस्पिटल ना? आमच्या गावाला एक मंजूर करून द्या की." सगळा हॉल हसला, मीही हसले. मग तो शब्द पुसला आणि त्या जागी लिहिलं, ‘मुका मार’.

त्या दिवसापासून कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बैलाची लाथ बसते. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. लोक म्हणतात, "कुठं काय लागलंय? ऊठ." आणि आत सगळं काळंनिळं झालेलं असतं. पोरांना असा मार बसला की ती सांगत नाहीत, ती वेगळीच वागायला लागतात. त्या वागण्याला आपण आगाऊपणा म्हणतो आणि वर आणखी दोन ठेवून देतो.

मी तोंडाची फटकळ. दर प्रशिक्षणात कोणीतरी म्हणायचंच, "मॅडम, आम्ही पण लहानपणी लई मार खाल्ला. आमाला काय झालं?" मी म्हणायची, "तुम्हाला काय झालं ते तुमच्या मंडळींना विचारून सांगते." मग जेवणानंतर डुलक्या घेणारेसुद्धा जागे व्हायचे.

पाटोद्याच्या त्याच गुरुजींच्या वर्गात एक पोरगा होता. शाळा सुटेपर्यंत पाठीवरचं दप्तर उतरवायचा नाही. दप्तर पाठीवर ठेवूनच लिहायचा, तसाच जेवायचा. आदल्या साली भर वर्गातून बापानं त्याला उठवून थेट ऊसतोडीला नेलं होतं, आणि त्याचं दप्तर वर्गातच राहिलं होतं. आता तो तयारीतच बसायचा. गुरुजींनी काय करावं? स्वतःची जेवणाची पिशवी रोज त्याच्या शेजारी आणून ठेवायला लागले. "ही पिशवी हितं हाय तवर तू पण हितंच. तुला न्यायला कुणी आलं तर आधी मला इचारील." काही आठवड्यांनी दप्तर खाली आलं. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं, पोरगा असा का बसतो ते बघा. अशा वेळी वाटायचं की चला, आपल्या पगाराचं चीज झालं.

पण एक धडा असा होता की तो सांगताना हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मुलाच्या घरात कोणी गेलं तर मुलाला खरं सांगायचं. देवाघरी गेली म्हणायचं नाही, झोपली म्हणायचं नाही, गावाला गेली तर नाहीच नाही. "मेली" हा शब्द उच्चारायचा. तो मुलाच्या स्वतःच्या माणसानं, त्याच्या ओळखीच्या जागी बसून उच्चारायचा. आणि सांगून झाल्यावर उठून जायचं नाही. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पुरुष खिडकीबाहेर बघायचे. कोणीतरी म्हणायचं, "इतक्या लहान जिवाला असं कसं सांगावं, ताई?" आणि मी हुशारीनं उत्तर द्यायची. उत्तरं माझी पाठ होती.

यंदाच, माझी नोकरी संपत आली असताना, गेवराई तालुक्यातल्या प्रशिक्षणात हा धडा झाला आणि चहाच्या सुट्टीत जायभाये सर माझ्यापाशी आले. तलवाड्याच्या पुढं एका वाडीवरच्या शाळेत ते शिक्षक. मूळचे बीड शहरातले, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला पेन. चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "मॅडम, आमच्या अख्ख्या वाडीनं मिळून एका पोरीला फसवलंय. त्यात मी पण आहे."

पोरगी तिसरीतली, शीतल. त्या वाडीवरची निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गुढीपाडव्याच्या आगंमागं परततात. शाळकरी पोरं मागं राहतात. दोन वेळचं जेवण शाळेतल्या हंगामी वसतिगृहात आणि झोपायला नातेवाइकांकडं. शीतल आजोळी असायची, तिच्या आईच्या आईकडं, गयाबाईंकडं. संक्रांतीनंतर शीतलची आई, सरू, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. अंत्यविधी तिकडंच झाला. बाकीची टोळी तोडतच राहिली, आणि शीतलचा बापही. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत टोळीवाल्याला हंगाम अर्ध्यात सोडता येत नाही. त्याला सोडायची मुभा असती तरी तो कोणत्या तोंडानं आला असता, कोणास ठाऊक.

गयाबाईंना फोन आला. त्या वाडीवरच्या प्रत्येक दारात गेल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, पोरीला कळू देऊ नका. वाडी म्हणजे मूठभर घरं. कोणी चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी सगळ्यांनी ती झाकली. शीतलला सांगितलं, मायचा मोबाइल पाटात पडला, म्हणून फोन येत नाही.

"पण मॅडम, आता पट्टा पडायला थोडेच दिवस राहिलेत," सर म्हणाले. "ट्रॅक्टर वेशीत आले की सगळी पोरं पळत सुटतात. आपली आई कुठल्या ट्रॉलीत बसलीय ते हुडकत. शीतल पण पळणार. ती प्रत्येक ट्रॉलीत बघणार. तेव्हा काय करायचं?"

एवढं ऐकल्यावर मला तो वेशीतला धुरळा आणि त्यात पळणारी ती पोर डोळ्यांपुढं दिसायला लागली.

"पोरगी विचारत नाही?" मी म्हटलं.

"शिवरात्रीच्या आधी लई विचारायची. मग गयाबाईंनी एक युक्ती केली. एक माणूस आजारी पडून टोळीतून परत आला होता. त्याच्यासंगं मायनं फ्रॉक धाडला असं सांगितलं. फ्रॉक मीच आणला होता गेवराईहून. गयाबाईंनी जुना फ्रॉक दिला होता मापाला. दुकानदाराला म्हटलं, पोरगी एवढी वाढलीय. त्यानं बरोबर काढून दिला. एकदम फिटिंगचा." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान आला. "तेव्हापासून एक शब्द विचारत नाही. तो फ्रॉक अंगावेगळा करत नाही, गणवेशाच्या आत पण तोच. आईचा आधार वाटत असणार."

मी मान डोलावली. आमच्या धंद्यात याला आधाराची वस्तू म्हणतात. सरांना तसं सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण आटोपून त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी वाडीवर गेले. गयाबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसल्या होत्या. वयानं माझ्याहून लहानच असतील, पण बघितल्यावर तोंडातून ‘मावशी’च निघालं. ऊन आणि कोयता, दोन्हींनी बाईचं वय खाल्लं होतं. सरांनी माझी ओळख करून दिली. मी का आले ते सांगायला लागले आणि त्यांनी हातातली काडी खाली टाकली.

"कावून सांगायचं?" त्या म्हणाल्या. "सांगून तिची माय माघारी येनार हाय का?"

"येणार नाही मावशी. पण टोळी येणार आहे. ती ट्रॉलीत शोधेल."

"तवाचं तवा बगू. तिचा बाप सांगंल."

"तो सांगू शकेल?"

त्या एकदम उसळल्या. "तुमी शिकल्याली मानसं. तुमचं शिक्षान तुमच्यापाशी ठिवा. माजी लेक गेली. सरू माजी लेक व्हती, म्याडम. म्या अजून हंबरडा फोडला न्हाई. पोरगी घरात असती, कशी रडू? रानात जाऊन तोंडात पदर कोंबती. येवडं केलं कशापायी? तिला कळू नये म्हनूनच की! आन तुमी म्हनता सांग!"

माझी पाठ केलेली उत्तरं त्या अंगणात कुठं गेली देव जाणे. सर मान खाली घालून चपलेनं माती उकरत होते. गयाबाईंनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतंच. "च्या टाकती," म्हणाल्या. "च्या घ्या आन जावा." आणि मागच्या चुलीकडं गेल्या.

तेवढ्यात शीतल आली. काटक, दोन वेण्या, त्यांतली एक सुटलेली. शाळेतून येऊन गणवेश काढला होता आणि अंगावर तो फ्रॉक. आकाशी, छातीवर चमकीचं फूल. सरांना बघून लाजली. सर शहाणे, ते "पाणी बघून येतो" म्हणून हातपंपाकडं गेले. मी ओसरीवर बसून राहिले. अशा वेळी मोठ्या माणसानं काही विचारायचं नसतं. नुसतं बसायचं असतं. एवढं एक मला खरोखर येतं.

ती हळूहळू माझ्याजवळ सरकली. मी म्हटलं, "फ्रॉक लई भारी आहे."

"मायनं धाडलाय." पाढा म्हणावा तसं म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्याडम, तुमाला माप घिता येतं का?"

"कशाचं?"

"फ्रॉकाचं. माय जाताना घिती. दोऱ्यानं. सगळ्यांच्याच माया घित्यात." तिनं खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसरा गुडघ्याखाली नेला. "हितून हितं दोरा धरायचा. मंग खाली चार बोटं सोडायची आन गाठ मारायची. तो दोरा माय संगं न्हेती. तिकडं कारखान्याच्या बाजारात त्या दोऱ्यानं फ्रॉक घिती."

"चार बोटं कशाला सोडायची?"

माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली असावी. "पट्टा पडंपरेंत म्या वाढती ना! माय आल्यावर फ्रॉक बराबर बसाय नगं का?"

मग तिनं फ्रॉकची किनार दोन्ही हातांनी धरून खाली ओढली. ती गुडघ्याखाली येत नव्हती. म्हणाली, "ह्यो बराबर बसला. शिवरात्रीलाच. हंगाम सरायच्या आदीच."

ती किनार ओढत राहिली.

"माय चार बोटं सोडती," ती म्हणाली. "माय इसरत न्हाई."

सर मापाचा फ्रॉक आणून खूश होते, गयाबाई खूश होत्या, मी बाहेरगावाहून येऊन त्याला आधाराची वस्तू म्हणून मोकळी झाले होते. आणि ही एवढीशी पोर शिवरात्रीपासून तो फ्रॉक घालून फिरत होती. कारण काढला असता तर आज्जीनं विचारलं असतं, का काढलास. तिनं विचारायचं थांबवलं ते आधार वाटला म्हणून नव्हे, तिला उत्तर मिळालं होतं म्हणून.

"म्याडम," ती अगदी हळू म्हणाली. "माय न्हाई ना आता?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की मुलानं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि सांगायचं ते त्याच्या माणसानंच. दोन्ही नियम माझेच. दोन्ही एकदम समोर उभे राहिले. मी तिचा हात धरला. "शीतल, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण हे तुला आज्जीनं सांगायचंय. मी आज्जीला बोलावते."

तिनं मान डोलावली. आणि घाईघाईनं म्हणाली, "आज्जीला रागवू नका. आज्जी रडाय लागली तर? तिला कुनीच न्हाई आता."

मी मागच्या चुलीकडं गेले. गयाबाई दूध नसलेला चहा गाळत होत्या. मी त्यांना उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, शीतलला तो फ्रॉक बरोबर बसलाय."

गयाबाईंच्या हातातून गाळणी सुटली. कपाळावर हात मारून त्या तिथंच खाली बसल्या. "आगं माय माय! चार बोटं. चार बोटं इसरले म्या." मग म्हणाल्या, "म्याच शिकीवलं व्हतं सरूला. गाडीबैलं घिऊन जायचो तवा. तिचं माप घ्यायची म्या, रडायची ती, माय जाऊ नगं म्हनायची. म्या म्हनायची, बग, चार बोटं सोडल्यात. तेवडी वाढ, तवर म्या येती. मलाच कसं इसरलं?"

"पोरगी ओसरीवर बसलीय," मी म्हटलं. "तिनं मला विचारलंय."

गयाबाई उठल्या. चुलीवरचं भांडं उतरवलं, तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि ओसरीवर जाऊन नातीसमोर मांडी घालून बसल्या. मी दारात थांबले. शिकवलेलं एकही वाक्य त्यांना माहीत नव्हतं.

"शीतल," त्या म्हणाल्या, "सरू मेली गं. फळीवरून पडली. तुजी माय मेली. माजी लेक मेली."

आणि मग त्या बाईनं इतक्या दिवसांचा दाबून धरलेला हंबरडा फोडला. शीतल त्यांच्या मांडीत शिरली. दोघी रडत होत्या आणि शेजारच्या बाया आपापल्या दारातून पळत आल्या आणि त्याही रडायला लागल्या, कारण सगळ्यांचंच रडायचं राहिलं होतं. जायभाये सर हातपंपापाशी पाठमोरे उभे होते, चष्मा काढून. मी काहीच केलं नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि रडले. प्रशिक्षकानं रडायचं नसतं असं आमच्यात म्हणतात. म्हणोत.

शीतलनं नंतर बरंच विचारलं. माय पडली तेव्हा तिला कोणी उचललं? तिला लई लागलं का? पाणी मागितलं का? गयाबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी जावयाला फोन लावला आणि ‘आप्पाशी बोल’ म्हणून पोरीच्या हातात दिला. तो बराच वेळ बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर शीतलनं आज्जीला सांगितलं, "आप्पानं उचललं व्हतं."

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या आल्या. पोरं वेशीकडं धावली. शीतल धावली नाही, आज्जीचा हात धरून लिंबाखाली उभी राहिली. सरांनी मला फोनवर सांगितलं, ट्रॅक्टरवरून बाप उतरला तेव्हा तिनं त्याच्या मागं कोणाला शोधलं नाही. ज्याच्यासाठी सगळं केलं ते एवढंच.

याचा मला अभिमान वाटावा की नाही, हे आजही ठरवता येत नाही. मुका मार शेकायला आम्ही शिकवतो, पण तो बसायचा काही थांबत नाही. दर दिवाळीला ट्रॅक्टर जातातच. सरू गेल्याच्या पुढच्या हंगामात शीतलचा बाप पुन्हा जाणार हे वाडीवर सगळ्यांना माहीत होतं. कोणी त्याला थांब म्हटलं नाही. थांबून त्यानं काय करायचं, हे सांगणारं प्रशिक्षण मी कधी घेतलेलं नाही.

यंदा दसरा झाल्यावर सरांचा पुन्हा फोन आला. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी ते गयाबाईंच्या अंगणातच होते. बाप लेकीपुढं उकिडवा बसला. माप घेणं हे बायकांचं काम, त्यानं कधी केलेलं नव्हतं. कारखान्यावरून परत आणलेल्या सरूच्या पेटीत तिचा तोच दोरा निघाला होता, मागच्या सालची गाठ तशीच. ती गाठ त्यानं सोडली नाही. खांद्यापासून दोरा धरला, गुडघ्याखाली आणला आणि पुढं काय करायचं ते न कळून थांबला. शीतलनं वाकून आपली चार बोटं दोऱ्यावर ठेवली. "हितं मार गाठ," म्हणाली.

त्यानं तिच्या त्या एवढ्या एवढ्या बोटांकडं बघितलं. मग त्यांच्याखाली आपली चार बोटं ठेवली आणि त्यांच्याही खाली गाठ मारली.

म्हणजे येत्या गुढीपाडव्याला बाप आणेल तो फ्रॉक तिला चांगला ढगळा होणार आहे. होऊ दे.